‘लई भारी हाय, वाचाच’ याच्या पुढे : वाचलेल्या पुस्तकावर बोलायचं कसं

‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला आपल्याकडं ठरलेली उत्तरं आहेत. ‘अमुक वाचतोय, छान आहे.’ नाहीतर, ‘लई भारी हाय, वाचाच.’ समोरचा मान हलवतो आणि गाडी पाऊसपाण्यावर जाते. पुस्तकाचं काही कळत नाही, वाचणाऱ्याचंही नाही. हाच माणूस सोयाबीन विकून आला की किती नेमकं बोलतो बघा. ओल किती निघाली, डागी किती होतं, काडीकचरा धरून किती कापलं, लातूरच्या मोंढ्यात काय भाव होता आणि आपल्याला काय पडला, सगळं सांगतो. पुस्तकाबद्दलही असंच बोलता येतं. ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं’ हा झाला भाव. ऐकणाऱ्याला आधी माल दिसला पाहिजे.

पुढचं सगळं माल कसा दाखवायचा याबद्दल आहे. आधी एकट्यानं करायची तयारी, मग आठ-दहा जणांत बसून बोलायची रीत.

वाचतानाची तयारी

बोलायची तयारी पुस्तक संपल्यावर करायला बसलं की उशीर झालेला असतो. तोवर शेवटची ४० पानं तेवढी डोक्यात राहतात आणि मत फक्त शेवटावर बनतं. म्हणून वाचतानाच तीन ठिकाणी थांबा. पहिला थांबा ५० पानांनंतर, दुसरा साधारण मध्यावर, तिसरा पुस्तक मिटल्यावर. प्रत्येक वेळी दोन-तीन ओळी लिहा. पहिल्या थांब्याला ‘पुढं काय होईल असं वाटतंय’ हे जरूर लिहा. अंदाज चुकला तर का चुकला, हा पुढं बोलायला चांगला मुद्दा मिळतो. अंदाज तंतोतंत खरा ठरला तर तोही मुद्दाच आहे, फक्त लेखकाला तो गोड लागणार नाही.

साधी शंभर पानी वही पुरते. नोंदीत तीनच गोष्टी हव्यात : पान क्रमांक, तिथं काय आहे ते पाच-सहा शब्दांत, आणि तुम्हाला काय झालं ते. उदाहरणार्थ, ‘पृ. ४७. सासू दार उघडत नाही. इथं वाचायचं थांबलो, तिचा राग आला, मग वाटलं तिचंही काही असेल.’ अशी नोंद महिनाभरानंही कामाला येते. ‘पृ. ४७ छान’ या नोंदीचा दुसऱ्या दिवशीसुद्धा उपयोग नसतो. पान क्रमांकाबरोबर प्रकरणाचा आकडाही लिहा आणि वहीच्या वरच्या कोपऱ्यात आवृत्ती. दुसऱ्याकडं वेगळी आवृत्ती असली की ४७ वं पान ५२ वर जातं आणि चर्चेची दहा मिनिटं पानं उलटण्यात जातात.

पुस्तक वाचनालयाचं असेल तर त्यात रेघ मारू नका, पेन्सिलीनंही नाही. पुढच्या वाचकाला तुमच्या रेघा आपल्या डोळ्यांनी वाचू देत नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून खुणेला घाला. डिंकाच्या चिठ्ठ्या टाळा, जुना पिवळा कागद त्यांच्याबरोबर सुटतो. वाचनालयाचं पुस्तक आठ-पंधरा दिवसांत परत जातं, त्यामुळं ज्या ओळी वाचून दाखवायच्या असतील त्या वहीत उतरवून घ्या किंवा त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. फोटोत पान क्रमांक आलाय ना, हे तेव्हाच बघा.

पुस्तक संपल्यावर दोन दिवसांच्या आत खुणा चाळा. पंधरा पट्ट्या असतील तर चारवर या, चारवरून दोनवर. सगळ्यात अवघड काम हेच, आणि इथंच लोक कच खातात. सगळंच महत्त्वाचं वाटतं. निवडीची एक कसोटी अशी : ही जागा पुस्तकातून काढून टाकली तर पुस्तक बदलेल का? बदलणार नसेल तर ती पट्टी काढा, वाक्य कितीही सुंदर असलं तरी.

सात मिनिटांचा आराखडा

बैठकीत एका माणसाला सात मिनिटं पुष्कळ झाली. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला ११० ते १३० शब्द होतात, म्हणजे सात मिनिटांत आठशेच्या आसपास. वहीची तीन-साडेतीन पानं. पूर्ण भाषण लिहून काढू नका, लिहिलेलं वाचून दाखवलं की ऐकणारे पाचव्या ओळीला मोबाइल काढतात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा-सात टिपणं पुरतात.

पहिल्या मिनिटात पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव, पानं आणि किंमत. किंमत सांगायला संकोचू नका, ऐकणाऱ्यांतला एखादा तरी विकत घ्यायच्या विचारात असतो. लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार यांची यादी नको. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ही माहिती आहे, ती एका वाक्यात येऊन जावी. पुरस्कार म्हणजे आपलं मत नव्हे. कथा वाचून आपल्याला काय दिसलं तिथून मत सुरू होतं.

दुसरं मिनिट विषयाला. कथानक सांगायचा मोह इथं सगळ्यात जास्त होतो. नियम सोपा आहे : पहिल्या एक तृतीयांश भागातलं सांगायला मुभा, पुढचं नाही. दोनशे पानांची कादंबरी असेल तर साधारण ६५ व्या पानापर्यंत. शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा मांडताच येत नसेल तर आधी विचारा, ‘कोणाला वाचायचंय का?’ एकानं जरी हात वर केला तर तो मुद्दा चहाच्या वेळेला ठेवा.

मधली तीन मिनिटं त्या निवडलेल्या दोन जागांना. यातली एक वाचून दाखवा, पण आठ-दहा ओळीच. छापील पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात, अख्खं पान वाचायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो आणि तुमचं बोलणं तिथंच बुडतं. वाचण्याआधी ‘इथं काय ऐकायचं’ ते एका वाक्यात सांगा. वाचून झाल्यावर लगेच बोलू नका, चार-पाच सेकंद जाऊ द्या.

कादंबरीवर बोलताना एक प्रश्न नेहमी उपयोगी पडतो : हे सांगतंय कोण? रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’मध्ये (१९७१) शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत येते. तीच गोष्ट शिंप्यानं सांगितली असती तर? तिच्या नजरेला जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं का? एवढ्या दोन प्रश्नांवर अर्धा तास चर्चा चालते, आणि ‘ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण’ हे शब्द एकदाही तोंडात येत नाहीत.

सहावं मिनिट जे जमलं नाही त्याला. इथं बहुतेक जण गडबडतात. एकतर ‘दोष काढायची आपली पात्रता नाही’ म्हणून हात जोडतात, नाहीतर एकदम ‘बोगस’ म्हणून मोकळे होतात. दोन्हीतून काही हाती लागत नाही. खटकलेली गोष्टही पानावर दाखवा. ‘मधली साठ पानं रेंगाळतात, कारण एकच भांडण चार वेळा येतं’ हे मत झालं. ‘बोअर झालं’ ही नुसती तक्रार. पुस्तक अर्धवट सोडलं असेल तर तसं सांगा, कोणत्या पानावर सोडलं तेही सांगा. हा गुन्हा नाही. न वाचलेल्या भागावर बोलणं हा मात्र आहे.

शेवटचं मिनिट : हे पुस्तक कुणाला द्याल? ‘सर्वांनी वाचावं असं’ हे उत्तर बाद. बारावीच्या पोरीला, पहिल्यांदा सरपंच झालेल्या माणसाला, पुण्याहून परत गावी आलेल्याला, असं एखादं नेमकं माणूस डोळ्यांसमोर आणा. कुणाला देणार नाही, हेही चालेल.

प्रकारानुसार थोडा फरक करावा लागतो. कथासंग्रहातल्या बारा कथांवर धावतं बोलू नका, दोन निवडा, एक जमलेली आणि एक फसलेली. कवितेत संपूर्ण कविता दोनदा वाचा, पहिल्या वाचनात ऐकणारा फक्त लय पकडतो, अर्थ दुसऱ्यांदा हाती येतो. अनुवादात वाक्य अडखळत असेल तर लेखकाला नावं ठेवण्याआधी विचार करा, दोष अनुवादाचा तर नाही ना? इतिहासाच्या पुस्तकात लेखक कशाच्या आधारावर बोलतो ते बघा : कागदपत्रं, वर्तमानपत्रं, की ऐकलेल्या आठवणी. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या पुस्तकांत तर हे फार लागतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या त्या दिवसांबद्दल आपल्या प्रत्येक घरात काही ना काही ऐकलेलं असतं. पुस्तकावरची चर्चा दहाव्या मिनिटाला ‘आमचे आजोबा सांगायचे’वर जाते. त्या आठवणी मोलाच्याच आहेत, त्यांना अडवू नका. पण पुस्तकावर बोलून झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी १५ मिनिटं ठेवा.

मेलेले शब्द आणि जिवंत बोली

आपल्याकडं माणूस उभा राहून बोलायला लागला की त्याची भाषाच बदलते. घरी ‘कामून असं केलं त्यानं?’ असं रोकडं विचारणारा माणूस चार लोकांत ‘लेखकाने समाजमनाचा वेध घेत संवेदनशीलतेने वास्तव रेखाटले आहे’ म्हणतो. हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतं, म्हणून ते कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाही. काळजाला भिडणारं, अंतर्मुख करणारं, ओघवती शैली, विदारक चित्रण, वाचनीय, संग्राह्य : हे सहा शब्द टिपणाच्या कागदावर खाली लिहून त्यांच्यावर काट मारा. बोलताना त्यातला एखादा ओठांवर आला की थांबा आणि त्याच्या जागी खरंच काय झालं ते सांगा. ‘अंतर्मुख केलं’ म्हणजे? रात्री झोप लागली नाही? भावाला फोन लावला? की नुसतंच बरं वाटलं?

बोलीत बोला. परभणीकडचा माणूस परभणीकडचंच बोलू दे. बोलीत माणसाला गुळमुळीत बोलता येत नाही, हा तिचा मोठा फायदा.

ओळखीच्या माणसाचं पुस्तक

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ही अडचण येतेच. कवी आपले सर असतात, कादंबरीकार साडूचे मित्र असतात आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘सस्नेह भेट’ लिहून सही असते. प्रकाशन समारंभात सगळे गोड बोललेले असतात, त्यामुळं नंतर खरं बोलणारा एकटा पडतो.

यातून वाट आहे. लेखक समोर बसला असेल तर दोन गोष्टी करा. एक, त्यानं काय करायचं ठरवलं होतं ते आधी त्याच्या बाजूनं मांडा, आणि त्याला पटेल असं मांडा. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांच्या लेखनात ही सवय दिसते, ज्याच्याशी मतभेद त्याची बाजू आधी पूर्ण ताकदीनं मांडायची. दोन, आक्षेप प्रश्नाच्या रूपात विचारा : ‘सर, तिसऱ्या प्रकरणानंतर ती आई पुन्हा कुठंच येत नाही. ते मुद्दाम ठेवलंय का?’ लेखकाला उत्तर द्यायला जागा मिळते आणि तुमचा मुद्दाही पोचतो. लेखकानं मात्र सगळ्यांचं ऐकून झाल्यावरच बोलायचं, हे त्याला बोलावतानाच सांगून ठेवा. नाहीतर तो पहिल्याच आक्षेपाला वीस मिनिटं खुलासा करतो.

आत्मकथनाबद्दल, विशेषतः दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांबद्दल बोलताना वेगळी काळजी हवी. सांगितलेलं दुःख ‘जास्तच रंगवलंय’ की काय, याचा न्याय करायला आपण बसलेलो नाही. ते कसं सांगितलंय, काय गाळलंय, कोणाशी बोलल्यासारखं लिहिलंय यावर बोला. आणि त्या समाजातला एखादा सदस्य बैठकीत असेल तर सगळ्यांनी त्याच्याकडं वळून ‘असंच असतं का हो?’ असं विचारू नये. तो वाचक म्हणून आलेला असतो, साक्षीदार म्हणून नाही.

बैठक लावायची तर

आठ ते बारा माणसं. सहाच्या खाली गेलं की दोघांच्या गैरहजेरीत बैठक मोडते, पंधराच्या वर गेलं की सभा होते. महिन्यातून एकदा, दीड तास. त्यात चौघं सात-सात मिनिटं बोलतील, प्रत्येकानंतर दहा मिनिटं चर्चा, राहिलेला वेळ चहाला आणि पुस्तकांच्या देवाणघेवाणीला.

जागा म्हणून गावातलं वाचनालय सगळ्यात सोयीचं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली अ, ब, क, ड वर्गातली अनुदानित वाचनालयं तालुक्यात आणि पुष्कळ गावांत आहेत, आणि दुपारनंतर त्यांची बैठकीची खोली बऱ्याचदा रिकामीच असते. ग्रंथपालांना आधी भेटा, बैठकीत कोणत्या पुस्तकांवर बोलणार ते आठवडाभर आधी कळवा. बैठकीनंतर त्या पुस्तकांना मागणी येते, तेव्हा प्रत तिथं असली पाहिजे.

वेळ ठरवताना पंचांगाआधी एसटीचं वेळापत्रक बघा. शेवटची गाडी सातला असेल तर बैठक साडेपाचला संपली पाहिजे. संध्याकाळी सातची वेळ ठेवली की बायका येत नाहीत. त्यांना आवड नसते म्हणून नव्हे, त्या वेळेला स्वयंपाक असतो म्हणून. चार ते साडेपाच सगळ्यांना जमतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं असताना सकाळी साडेसात-आठला बसा. आठवडी बाजाराचा दिवस नको. पेरणीचे जूनमधले आठवडे आणि सोयाबीन काढणीचे सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरचे दिवस सोडून द्या. बीडकडच्या गावांत ऊसतोडीला गेलेली माणसं दिवाळीनंतर दिसत नाहीत, उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्यातले वाचणारे सदस्य असतील तर मधल्या काळात त्यांची मतं फोनवरून रेकॉर्ड करून मागवा. २७ फेब्रुवारी आणि १५ ऑक्टोबर हे दिवसही टाळा. मराठी भाषा गौरव दिन आणि वाचन प्रेरणा दिन म्हटलं की फलक लागतो, दीपप्रज्वलन होतं आणि पुस्तक राहतं बाजूला.

तेवढ्यासाठीच : शाल नको, श्रीफळ नको, अध्यक्ष नको, सूत्रसंचालन तर नकोच. माइकही नको. बारा माणसांना माइक लागत नाही, पण माइक दिसला की आवाज बदलतो. सतरंजीवर गोल बसा. खुर्च्या असतील तरी गोलच, म्हणजे मागची रांग राहत नाही. मोबाइलवर सात मिनिटांचा गजर लावून तो सगळ्यांत लहान सदस्याच्या हातात द्या.

बोलण्याचा क्रम मात्र फार जपा. बैठका बहुतेक इथंच बिघडतात. निवृत्त मुख्याध्यापक किंवा प्राध्यापक पहिल्यांदा बोलले की बाकीचे ‘सरांनी सांगितल्याप्रमाणे’ म्हणत बसतात. क्रम उलटा ठेवा : वयानं लहान आधी, ज्येष्ठ शेवटी. सरांना हे एकांतात सांगा, बहुतेक सर आनंदानं ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना चर्चेचा समारोप करायला द्या, काम तेच होतं. चर्चेच्या दहा मिनिटांत एकदा बोललेल्यानं, न बोललेले सगळे बोलल्याशिवाय पुन्हा तोंड उघडायचं नाही. सगळ्यांत जास्त शिस्त या एका नियमानं लागते.

मोबाइलवर लिहायचं असेल

व्हॉट्सॲपवर दीडशे ते दोनशे शब्द पुरे. त्याहून लांब मजकूर ‘पुढं वाचा’खाली दडतो आणि तिथंच राहतो. पहिल्या दोन ओळींत पुस्तकाचं नाव आणि तुमचा एक मुद्दा आला पाहिजे. मुखपृष्ठाचा फोटो जोडा, आतल्या एका परिच्छेदाचा चालेल. पुस्तकाची पीडीएफ पाठवू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडं असतो, आणि आपल्याकडच्या छोट्या प्रकाशकाची पहिली आवृत्ती शेकड्यांतच छापली जाते. शंभर जणांना फुकट पीडीएफ गेली की ती आवृत्ती गोदामातच राहते. बोलून पाठवायचं असेल तर दोन मिनिटांपेक्षा मोठा आवाजी निरोप कोणी पूर्ण ऐकत नाही. पोस्ट टाकल्यावर पहिलं ‘👍’ आलं म्हणजे चर्चा झाली असं नव्हे. खाली एखादा प्रश्न स्वतःच विचारा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येणार नाही.

बैठकीची एक नोंदवही ठेवा. तारीख, पुस्तक, बोलणारा, खटकलेली एक गोष्ट, आणि पुस्तक घरी कोण घेऊन गेलं. शेवटचा रकाना कधी रिकामा सोडू नका. पुस्तकं हरवतात ती बहुतेक मित्रांकडंच, आणि पुढच्या महिन्यात ‘माझ्याकडं नाही बुवा’ म्हणणाऱ्याला त्याचीच सही दाखवता येते.